पासवर्ड बरोबर आहे, तरी झिप उघडत नाही? आधी कुलूप कोणतं ते बघा

जुलैचा शेवटचा आठवडा होता. नारायण पेठेतल्या एका सीए ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. रिटर्न भरायच्या त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. कर्वेनगरहून एक निवृत्त काका फोनवर होते. बँकेची स्टेटमेंट, व्याजाचे दाखले, घरभाड्याच्या पावत्या, सगळं त्यांच्या मुलाने झिप करून, म्हणजे एकाच फाइलीत बांधून, वर पासवर्ड घालून दिलं होतं. काकांनी झिप मेल केली आणि पासवर्ड फोनवर सांगितला, म्हणजे अगदी करायला हवं तसंच केलं. ऑफिसातल्या मुलीने पासवर्ड तीनदा टाइप केला, उघडेना. चौथ्या वेळी काकांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, तरी उघडेना. शेवटी ती म्हणाली, "काका, राहू दे ते झिप. सगळे कागद सुटे करून माझ्या व्हॉट्सॲपवर टाका."

काकांनी टाकले. पॅन, खाते क्रमांक, सह्या असलेली पानं, सगळं उघडं, तिच्या स्वतःच्या फोनवर.

मी पोचलो तेव्हा हे होऊन गेलं होतं. स्क्रीनवरची एररची खिडकी अजून तशीच होती आणि तिच्यात शेवटी ८०००४००५ असा आकडा होता. म्हणजे पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. ज्या प्रोग्रॅममधून ती फाइल उघडत होती, त्याला ते कुलूपच ओळखता येत नव्हतं. दुसऱ्या प्रोग्रॅममधून ती दोन मिनिटांत उघडली असती.

ही तक्रार माझ्याकडे महिन्यातून चार-पाच वेळा येते. सीए ऑफिसातून येते, पॅथॉलॉजी लॅबमधून येते, अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्यांकडून येते. सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "पासवर्ड चुकीचा दाखवतोय." प्रत्यक्षात त्या एका वाक्यामागे तीन वेगवेगळी दुखणी असतात. कुलूप न ओळखणारा प्रोग्रॅम हे पहिलं, दिसायला बरोबर पण आतून वेगळा टाइप झालेला पासवर्ड हे दुसरं, आणि येता येता फाटलेली फाइल हे तिसरं. कोणतं दुखणं आहे हे न बघता लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसतात, कंटाळतात आणि फाइल उघडीच पाठवून मोकळे होतात. मला त्रास त्या शेवटच्या पायरीचा होतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

एरर वाचा, मगच हात लावा

खिडकी बंद करायच्या आधी तिच्यातलं वाक्य वाचा किंवा मोबाइलवर तिचा फोटो काढा. मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो.

पासवर्ड न विचारताच एरर आली, किंवा वर सांगितलेला ८०००४००५ चा आकडा आला, तर संशय प्रोग्रॅमवर घ्या. "राँग पासवर्ड" असं आलं, तर संशय टाइप केलेल्या अक्षरांवर. "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा" असं काही आलं, तर फाइल अर्धवट उतरली आहे, आणि मग पासवर्ड कितीही वेळा टाइप केलात तरी उपयोग नाही.

एक वाक्य मात्र फसवं आहे. "डेटा एरर" आणि पुढे "राँग पासवर्ड?", तेही प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह उगाच नाही. जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये पासवर्ड तपासायला अवघी एक बाइट ठेवलेली असते. त्यामुळे साधारण २५६ चुकीच्या पासवर्डांपैकी एखादा त्या पहिल्या तपासणीतून निसटून आत जातो. फाइल उलगडायला लागते, आणि शेवटी फाइलीसोबत साठवलेली पडताळणीची बेरीज जुळत नाही तेव्हा कुठे चूक कळते. खराब झालेली फाइलही अगदी याच जागी अडते. म्हणून प्रोग्रॅमला खात्रीने काही सांगता येत नाही आणि तो तुम्हालाच विचारतो.

अशा वेळी दोन्ही बाजूंनी फाइलची साइज बघा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथला बाइट्समधला पूर्ण आकडा. "साधारण चार एमबी आहे" एवढ्यावर भागत नाही. आकड्यात शेवटच्या अंकाचा जरी फरक असला, तरी फाइल पुन्हा मागवा.

कुलपाच्या दोन जाती

फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने झिप आणलं १९८९ साली. त्या काळातलं जे कुलूप, त्याला आज झिपक्रिप्टो म्हणतात. एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्ये ते कसं तुटतं हे दाखवून दिलं. आतल्या एखाद्या फाइलचा अगदी लहानसा तुकडा, दहा-पंधरा बाइट्सचा, हल्ला करणाऱ्याला आधीच माहीत असला, तर पासवर्ड कितीही लांब असो, कुलपाची आतली किल्ली गणिताने काढता येते. यात पासवर्ड ओळखायची गरजच पडत नाही. सगळ्यांकडे सारखाच असतो असा छापील फॉर्म किंवा ठरावीक सुरुवात असलेली फाइल झिपमध्ये असली, की असा तुकडा आयताच हाती लागतो.

दुसरी जात एईएस. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली. नंतर विनझिप या प्रोग्रॅमने ती झिपमध्ये आणली आणि सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रॅमांनीही घेतली. आज महत्त्वाच्या कागदांसाठी हेच कुलूप लावायचं.

दोन्ही फाइलींचं नाव झिपच. आयकॉन तोच, शेपूट तेच, बाहेरून काही कळत नाही. विंडोज १० मधलं आपलं नेहमीचं झिप फोल्डर, म्हणजे डबल क्लिक केल्यावर जे उघडतं ते, जुन्या जातीचं कुलूप ओळखतं, एईएस ओळखत नाही. म्हणून ज्याने नीट काळजी घेऊन मजबूत कुलूप लावलं, त्याचीच फाइल समोरच्याकडे अडते आणि कमकुवत कुलपाची फाइल झटकन उघडते. काकांच्या मुलाचं हेच झालं. त्याने सेव्हन-झिपमधून एईएस-२५६, म्हणजे एईएसचाच सर्वांत मजबूत प्रकार, निवडून फाइल केली होती. त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं.

उपाय सोपा आहे. जिथे फाइल उघडायची आहे, तिथे सेव्हन-झिप घाला. इगोर पाव्हलोव यांनी १९९९ साली लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि ऑफिसातही फुकटच वापरता येतो. मात्र तो त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, सेव्हन-झिप डॉट ओआरजी. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून किंवा नाव थोडं बदललेल्या साइटवरून घेऊ नका. नंतर फाइलवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपच्या यादीतून "ओपन आर्काइव्ह" करा. नव्या विंडोजमध्ये ही यादी कधी कधी "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत दडलेली असते.

उघडलेल्या खिडकीत उजवीकडे सरका. "मेथड" नावाचा एक रकाना आहे. तिथे "झिपक्रिप्टो डिफ्लेट" लिहिलं असेल तर कुलूप जुनं, "एईएस-२५६ डिफ्लेट" लिहिलं असेल तर नवं. मी कोणाचीही झिप हातात घेतली की पहिली नजर या रकान्यावर टाकतो. शेजारी "एन्क्रिप्टेड" नावाचा रकाना आहे, त्यात अधिकचं किंवा उण्याचं चिन्ह असतं. तोही बघा. झिपमध्ये कुलूप अख्ख्या पेटीला नसतं, आतल्या प्रत्येक फाइलला सुटं असतं. त्यामुळे आधी कुलूप लावलेल्या झिपमध्ये नंतर कोणी दोन फाइली ओढून टाकल्या, तर त्या दोन उघड्याच राहू शकतात. एका लॅबमध्ये मी हे पाहिलं आहे. अकरा रिपोर्टांपुढे अधिक होतं आणि शेवटच्या, घाईत टाकलेल्या एका रिपोर्टपुढे उणे. तो एक कोणालाही पासवर्डाशिवाय उघडता आला असता. असंही होऊ शकतं की दोन फाइलींना दोन वेगळे पासवर्ड आहेत. मग अर्ध्या उघडतात, अर्ध्या अडतात आणि माणूस गोंधळून जातो. अशा झिपची डागडुजी करू नका, सगळं बाहेर काढून नवी करा.

मोबाइलवर फाइल आली असेल तर तिथेही हीच गोष्ट. फोनमधला साधा फाइल बघायचा ॲप अडला, तर ॲन्ड्रॉइडवर झेडआर्कायव्हर हा ॲप एईएसची झिपही उघडतो आणि सेव्हन-झेड, म्हणजे सेव्हन-झिपच्या स्वतःच्या प्रकारची फाइल, तीही.

अक्षरं तीच दिसतात, पण ती नसतात

आता दुसरं दुखणं. सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि मराठी माणसाच्या बाबतीत तर यात खास आपल्या अडचणी आहेत.

आधी साध्या गोष्टी. मोबाइलवर पासवर्ड लिहून पाठवला की कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. खालच्या सुचवलेल्या शब्दावर बोट टेकलं की शब्दामागे एक स्पेस येते, कॉपी करताना ती बरोबर येते आणि ती दिसत नाही. कोणी वाक्य पूर्ण करायच्या सवयीने पासवर्डनंतर पूर्णविराम देतो. आणि व्हॉट्सॲपची एक खास गोष्ट आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन असेल तर व्हॉट्सॲप तो शब्द ठळक करतं आणि तारांकनं नजरेआड होतात. दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर असेल तर शब्द तिरका होतो आणि तेही दिसेनासे होतात. पाठवणाऱ्याने बिचाऱ्याने मजबूत पासवर्ड म्हणून दोन्ही टोकांना तारे लावले, वाचणाऱ्याला फक्त ठळक शब्द दिसला. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर!

यावर इलाज असा. सेव्हन-झिपच्या पासवर्डच्या खिडकीत "शो पासवर्ड" अशी चौकट आहे, तिच्यावर टिक करा. टिंबांच्या जागी अक्षरं दिसायला लागतात. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून, मागेपुढे कर्सर फिरवून, रिकामी जागा नाही ना हे बघून मग चिकटवा.

पुढची अडचण कीबोर्डच्या भाषेची. आपल्या बऱ्याच मशीनवर इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही कीबोर्ड असतात, आणि विंडोजची कळ व स्पेस एकदम दाबली की भाषा बदलते. पत्र मराठीत टाइप करता करता तुम्ही झिप उघडायला गेलात, की पासवर्डच्या खिडकीत मराठीच उमटतं. दिसतात मात्र नुसती टिंबं. आकड्यांचंही तसंच. इंग्रजी एक आणि देवनागरी १ ही कॉम्प्युटरच्या लेखी दोन निराळी अक्षरं आहेत. जन्मतारीख बरोबर, तरी पासवर्ड चूक, असं कोणी म्हणालं की मी आधी टास्कबारच्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघतो.

आता खुद्द मराठीत ठेवलेला पासवर्ड. एका सरांनी मोठ्या हौसेने आपल्या गावाचं नाव ठेवलं होतं, कऱ्हाड. घरच्या कॉम्प्युटरवर उघडायचं, मोबाइलवर नाही. कारण त्या ऱ्ह मधला अर्धा र. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, मग पाय मोडून ह. दुसऱ्या कीबोर्डवर तोच आकार साधा र, पाय मोडलेला, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि नंतर ह असा तयार होतो. डोळ्यांना दोन्ही कऱ्हाड सारखेच. कॉम्प्युटरला दोन वेगळे पासवर्ड. तऱ्हा, बऱ्हाणपूर, दुसऱ्या, सगळ्यांना हीच भानगड. भाषा आपली आहे, मला ती जिवापाड प्रिय आहे, पण फाइलच्या पासवर्डला मी ती वापरू देत नाही. शिवाय साध्या झिपसाठी सेव्हन-झिप स्वतःच मराठी पासवर्ड नाकारतं आणि फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे व चिन्हं वापरा असं सांगतं. त्यामागे कारण आहे. जुन्या झिपमध्ये पासवर्डची अक्षरं बाइट्समध्ये कशी बदलायची याचा एक ठरलेला नियम नाही, प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीने बदलतो. सेव्हन-झेड या त्याच्या स्वतःच्या प्रकारात मराठी पासवर्ड चालतो, पण कऱ्हाडची गोष्ट तिथेही होतेच. सरांची फाइल सेव्हन-झेडच होती.

आणि डीटीपीवाल्यांसाठी एक. आपल्याकडे छपाईच्या कामात युनिकोडपूर्वीचे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी आजची पद्धत येण्याआधीचे, फॉन्ट अजून सर्रास वापरात आहेत. त्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर "मोगरा" दिसतो, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. शनिवार पेठेतल्या एका ऑफिसने पुस्तकाच्या फाइली छापखान्याला पाठवल्या. पासवर्ड वर्डमधून कॉपी करून सेव्हन-झेडला घातला आणि चिठ्ठीवर छापून दिला, "मोगरा". छापखान्यातल्या दादांनी युनिकोडमध्ये मोगरा टाइप केला, गूगलचा कीबोर्ड वापरून टाइप केला, हिंदीतून केला. संध्याकाळपर्यंत काम अडलं. मी त्यांना ती मूळ वर्डची फाइल मागवायला लावली, त्यातला शब्द कॉपी करून तसाच पासवर्डच्या खिडकीत चिकटवला. "शो पासवर्ड"मध्ये मोगऱ्याचं नावनिशाण नव्हतं, पाच-सहा विचित्र चिन्हं होती आणि फाइल उघडली.

जाता जाता, झिपमधल्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले, तर पासवर्डशी त्याचा संबंध नाही. नावं कोणत्या लिपी-संकेतात साठवली यावरून ते होतं. आतल्या फाइली ठीक असतात.

ठरलेले पासवर्ड

काही सरकारी फाइलींचा पासवर्ड आपण ठेवलेला नसतो, तो ठरावीक साच्याचा असतो आणि लोक साचे एकमेकांत मिसळतात. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष, चार आकडी. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच. नाव आधारवर जसं छापलंय तसं धरायचं, घरात म्हणतो तसं नाही. आयकर खात्याच्या एआयएसच्या, म्हणजे वर्षभराच्या आर्थिक व्यवहारांच्या विवरणाच्या, पीडीएफला मात्र पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष अशी आठ आकडी. पॅन आपण आयुष्यभर कॅपिटलमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे हात आपोआप कॅपिटलकडे जातो आणि इथेच निम्मे लोक अडतात.

आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची, म्हणजे ओळख पटवायला द्यायची, झिप ही तिसरी गोष्ट. तिचा चार अक्षरी शेअर कोड डाउनलोड करताना तुम्हीच ठेवलेला असतो. ई-आधारचा पासवर्ड तिला चालत नाही. कोड विसरलात तर डोकं खाऊ नका, नवी झिप डाउनलोड करा आणि नवा कोड ठेवा.

फाटलेली फाइल

हे झटपट. जीमेलवर जोडायची मर्यादा २५ एमबी आहे, त्यावरची फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते आणि लिंकवरून उतरवताना नेट तुटलं की अर्धवट राहते. पुन्हा उतरवा. फाइलच्या शेवटी ००१, ००२ असं असेल तर ते एकाच फाइलचे तुकडे आहेत. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ००१ उघडा, बाकीचे तो स्वतः शोधतो. जीमेलने झिप पाठवायलाच नकार दिला तर आत दुसरी झिप आहे का ते बघा. पासवर्ड घातलेल्या झिपच्या पोटात आणखी एक झिप असली की जीमेल ती अडवतं, कारण त्याला आत डोकावून तपासता येत नाही. एकच पदर ठेवा.

मुळात नीट बनवायची कशी

विंडोजच्या राइट क्लिकमधल्या झिप करायच्या सोयीत पासवर्डची जागाच नाही. एक्सपीमध्ये ती होती, नंतर काढली. लोक शोधत शोधत प्रॉपर्टीजमधल्या "ॲडव्हान्स्ड"मध्ये जातात आणि "एन्क्रिप्ट कंटेंट्स"वर टिक करतात. फाइलवर छोटं कुलूप दिसतं आणि त्यांना वाटतं झालं. ते कुलूप त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या विंडोज खात्याला बांधलेलं असतं. मेलला जोडलेली किंवा साध्या पेन ड्राइव्हवर गेलेली प्रत उघडीच जाते. उलट पुढे विंडोज नव्याने टाकलं आणि किल्लीचा बॅकअप नसेल, तर तुमचीच फाइल तुम्हाला उघडत नाही. पाठवायच्या फाइलसाठी हा रस्ता नकोच.

सेव्हन-झिपमध्ये "ॲड टु आर्काइव्ह" करा. खिडकीच्या उजव्या अंगाला खाली पासवर्डचे रकाने आहेत. त्यांच्याखाली "एन्क्रिप्शन मेथड". झिप निवडलं असेल तर तिथे आपसूक झिपक्रिप्टो असतं. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ते बदलून एईएस-२५६ करा. समोरच्याकडे सेव्हन-झिप आहे याची खात्री असेल, तर वरचा प्रकारच सेव्हन-झेड ठेवा. मी शक्य तिथे तोच वापरतो, दोन कारणांसाठी.

पहिलं कारण नावांचं. झिपमध्ये मजकूर कुलपात असतो, पण आतल्या फाइलींची नावं कोणालाही पासवर्डाशिवाय वाचता येतात. लॅबच्या झिपमध्ये रुग्णाचं नाव आणि पुढे तपासणीचं नाव अशी फाइल असेल, तर लपवायचं होतं ते सगळं दारावरच लिहिलेलं आहे. सेव्हन-झेडमध्ये "एन्क्रिप्ट फाइल नेम्स" अशी टिक आहे, ती केली की नावंही आत जातात आणि यादी बघायलाही पासवर्ड लागतो. झिपच द्यावी लागत असेल, तर निदान आतल्या फाइलींना क्रमांक द्या.

दुसरं कारण वेगाचं. सेव्हन-झेड तुमच्या पासवर्डवर ५,२४,२८८ वेळा गणित करून मग त्यातून किल्ली घडवतं. एईएसच्या झिपमध्ये हेच १,००० वेळा होतं. तुम्हाला उघडताना क्षणभर थांबावं लागतं, पण लाखो पासवर्ड मारून बघणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढंच थांबावं लागतं.

अर्थात पासवर्डच जन्मतारीख असेल तर यातलं काही कामाला येत नाही. शंभर वर्षांत तारखा आहेतच मुळी साडेछत्तीस हजारांच्या आसपास. मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, मुलीचं नाव आणि १२३, हेही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द घ्या आणि ते रोमन लिपीत, सगळे छोट्या अक्षरांत, मध्ये काही न घालता लिहा. इथेही आपली एक अडचण आहे. मराठी शब्दांचं रोमन स्पेलिंग ठरलेलं नसतं. विळी कोणी एका आयने संपवतो, कोणी दोन ई लावून. पंचांगात एक ए की दोन, हा वाद फोनवर मिटत नाही. म्हणून फोनवर सांगायचा पासवर्ड असेल तर शब्द सांगू नका, अक्षरं सांगा आणि समोरच्याकडून ती परत वाचून घ्या. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल, यांना पासवर्डात जागाच देऊ नका.

फाइल मेलने गेली तर पासवर्ड फोनवर सांगा. त्याच मेलमध्ये खाली लिहिलेला पासवर्ड म्हणजे कुलपालाच लटकवलेली किल्ली. आणि पाठवायच्या आधी बनवलेली फाइल बंद करून, सेव्हन-झिपचं "टेस्ट आर्काइव्ह" चालवा. पासवर्ड विचारेल, तो हाताने टाइप करा. "नो एरर्स" आलं की पाठवा. मूळ फाइली समोरच्याने उघडली असं सांगेपर्यंत पुसू नका.

पासवर्ड खरंच विसरला असेल तर

हे सांगताना वाईट वाटतं, पण चांगल्या पासवर्डचं एईएस कुलूप मागच्या दाराने उघडत नाही. "फरगॉट पासवर्ड" असं बटण नाही, बनवणाऱ्या कंपनीकडेही किल्ली नाही. आपले जुने पासवर्ड, त्यांचे कॅपिटल-छोट्या अक्षरांचे प्रकार, मागचं-पुढचं वर्ष, हे शांतपणे कागदावर लिहून एकेक करून बघा. निम्म्या लोकांना तिथेच सापडतो. मूळ फाइली मेलच्या "सेंट"मध्ये, जुन्या पेन ड्राइव्हवर, स्कॅन केलेल्या दुकानात कुठे आहेत का ते शोधा. "झिप अपलोड करा, आम्ही उघडून देतो" अशा साइटवर मात्र काहीही टाकू नका. उघडली तरी ती तिथे उघडली, अनोळखी माणसाच्या मशीनवर.

झेरॉक्सच्या दुकानात झिप उघडावी लागली, तर काम झाल्यावर डाउनलोड्समधून झिप आणि तिच्यातून बाहेर काढलेलं फोल्डर दोन्ही पुसा, रिसायकल बिन रिकामा करा आणि मेलमधून लॉग आउट व्हा. झिपच्या आतच डबल क्लिक करून फाइल बघितली असेल, तर तिची एक प्रत टेम्प फोल्डरमध्ये उतरलेली असते. विंडोजची कळ आणि आर दाबून, टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये टेम्प असं लिहून एंटर केलं की ते फोल्डर उघडतं. तिथेही नजर टाका.

काकांचं रिटर्न वेळेत भरलं गेलं. त्यांची झिप त्याच दुपारी सेव्हन-झिपमधून पहिल्या फटक्यात उघडली आणि पुढचं काम तिच्यातल्याच फाइलींवरून झालं. मग ती मुलगी आणि मी तिच्या फोनवर बसलो. व्हॉट्सॲपच्या चॅटमधून कागद पुसले, गॅलरीतून पुसले. तेवढ्यात गूगल फोटोजने त्यांचा बॅकअप घेतलेला होता. तिथून काढले की ते ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतात, म्हणून ट्रॅशही रिकामा केला. सत्तावीस कागद होते. काकांना फोन करून त्यांच्याही चॅटमधून पुसायला सांगितलं आणि मी ऑफिसातल्या सातही मशीनवर सेव्हन-झिप घालून मगच घरी गेलो.